सोमवारची सही

मंगळवार, १ जुलै २०२५. पहाटेपासून भुरभुर. धैर्यशील पहिल्या पाळीला पावणेसहाला कागलला गेला. वर्षा आजपासून शाळेची मुख्याध्यापिका. हिरवी इरकल नेसली. निघताना माझ्या पाया पडली, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला. दूधवाला आला नाही. दुपारी दोन तास वीज नव्हती.

त्या दिवशीची माझ्या डायरीतली नोंद एवढीच आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज पाच ओळी लिहायला लावत. जे झालं ते आधी लिहा, जे वाटलं ते जागा उरली तर, असं सांगत. त्या सवयीला एकसष्ट वर्षं झाली आणि जागा फारशी कधी उरली नाही. वर्षाबद्दल मात्र पाच ओळींत भागण्यासारखं नाही, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे.

वर्षाराणी माझी सून, माझा मुलगा धैर्यशील याची बायको. हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यातली. वडील आकाराम, घरी चार म्हशी आणि दीड एकर ऊस. जनावरांपुढे वैरण पडल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी ताटावर बसत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिचं हाय-न्हाय आणि बाई असून ‘मी जातो, मी करतो’ ऐकून मी दोन-चारदा तिला दुरुस्त केलं होतं. ती नम्रपणे ‘व्हय आई’ म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘न्हाय’. शेवटी आमचे हे मला म्हणाले की तिला मराठी शिकवू नकोस, तिला पहिलीच्या पोरांना शिकवायचंय. मी थांबले.

तिची शाळा शहराच्या कडेला, हातकणंगल्याच्या रस्त्याला आहे. नाव लिहीत नाही. पहिली ते सातवी, एकशे त्रेसष्ट मुलं. निम्म्यांचे आईवडील इचलकरंजीच्या मागांवर नाहीतर आसपासच्या कारखान्यांत. तिथे वर्षाने पंधरा वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. नाक पुसायचं, नाडी बांधायची आणि मग अ आ इ. ती घरी येऊन मुलांच्या गोष्टी सांगायची आणि हे खुर्चीत बसून हसायचे.

२०१८ साली ह्यांना मूत्रपिंडाचा विकार झाला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. वर्षाने तेव्हा सोमवार धरले. दिवसभर पाणी आणि एखादा कप चहा, जेवण दिवेलागणीनंतर एकदाच, तेव्हा भात जास्त लागायचा. मी तिला सांगितलं नव्हतं, ह्यांना तर असलं काही पटत नसे. फेब्रुवारी २०२० मध्ये हे गेले. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी वर्षाने नाश्ता केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. तशी पाच वर्षं गेली.

यंदा जूनअखेर आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि सेवेत सर्वांत जुनी म्हणून खुर्ची वर्षाकडे आली. शिक्षण खात्याची मान्यता यायची होती. तोवर ती प्रभारी, म्हणजे काम सगळं, पद अर्धं. पहिल्या दिवशी तिला तेवीस किल्ल्यांचा जुडगा मिळाला. त्यातल्या नऊ कशाच्या ते शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. घरी आल्यावर भाकऱ्या थापत ती मला सगळं सांगायची. कालपर्यंत जिच्याशी डबा वाटून खाल्ला ती बाई आज रजेचा अर्ज घेऊन दारात उभी राहते आणि ‘आत येऊ का’ विचारते. त्याने तिला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

पण सर्वांत अवघड तिला वाटलं ते पोषण आहाराचं. शाळेत दुपारी मुलांना शिजवलेलं जेवण मिळतं. ते वाढायच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापकाने स्वतः चाखायचं आणि चव रजिस्टर नावाच्या वहीत तारीख, पदार्थ आणि अभिप्राय लिहून सही करायची, असा नियम आहे. पोरांच्या आधी आपण घास घ्यायचा ह्याचीच तिला लाज वाटायची. ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पटकन खायची. स्वयंपाक करणारी धोंडुबाई, साठीला आलेली, अकरा वर्षं त्याच चुलीपुढे उभी. ती म्हणाली, “बाई, चोरून खाल्ल्यावानी काय खाताय? सरकारचा घास हाय, दमानं खावा की.”

त्याच आठवड्यात वर्षाने परिपाठाला मुलांना एक नियम घालून दिला. ताटात काही टाकायचं नाही. ज्या वर्गाची ताटं स्वच्छ, त्या वर्गासाठी शुक्रवारी सगळ्या शाळेने टाळ्या वाजवायच्या. मुलं ताटं चाटूनपुसून लख्ख करू लागली. हे सांगताना तिचा चेहरा इतका खुलला होता की मीही दुसऱ्या दिवशी आमच्या कामवाल्या बाईंना ते कौतुकाने सांगितलं.

सात तारखेला सोमवार आला. धोंडुबाईने ताटलीत चमचाभर खिचडी आणली. वर्षा म्हणाली की आज उपास आहे. धोंडुबाईने ताटली लगेच मागे घेतली. उपासाच्या बाईपुढे अन्न धरलं म्हणून स्वतःच्याच गालावर हलकेच मारून घेतलं आणि म्हणाली, मी काय आज पहिल्यांदा करतोय व्हय, सही करा आणि जावा. वर्षाने ‘चव चांगली’ लिहिलं आणि सही केली. त्यात काही चुकलं असं दोघींनाही वाटलं नाही. मला तिने सांगितलं तेव्हा मलाही वाटलं नाही.

चौदा तारखेला पुन्हा सोमवार. पुन्हा तसंच झालं. त्या दिवशी धोंडुबाईने खिचडीत मीठ घातलं आणि तिच्या हाताखालची मोना बाहेरून पाणी भरून आली, तिनेही घातलं. मोठं पातेलं, मुठीने घालायचं मीठ. एका चमच्यात कळलं असतं. पण चमचा कुणाच्या तोंडात गेलाच नाही.

मुलांनी एकेक घास घेतला आणि ताटं सरकवली. मोठ्या वर्गांनी बादलीत ओतलं. वर्षा धावत गेली, सगळ्यांना थांबवलं, दुकानातून केळी आणि बिस्किटं मागवली. ह्या गडबडीत पहिलीच्या वर्गातल्या संयोगिताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सहा वर्षांची मुलगी, ती खाली मान घालून खातच होती. तिने ताट पूर्ण संपवलं, बोटाने पुसून काढलं, वर्षाला दाखवलं. मग व्हरांड्यात जाऊन भडाभडा ओकली.

डॉक्टरांनी तपासलं. काळजीचं काही नव्हतं, संध्याकाळी ती घरी खेळत होती. पण कुणा पालकाने ओतलेल्या खिचडीच्या बादलीचं चित्रण मोबाइलवर केलं आणि ते चार वाजेपर्यंत सगळीकडे पोहोचलं. पाच वाजता शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव आले. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. मनुष्य वाईट नाही, शाळेचं छप्पर त्यांनीच धावपळ करून घालून घेतलं. त्यांनी रजिस्टर पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मॅडमची सही आहे, ‘चव चांगली’ आहे, म्हणजे एक वाजता खिचडी बरी होती. पुढे जे झालं ते स्वयंपाकघरात झालं. धोंडुबाईला काढू, दुसऱ्या बायका लावू, विषय संपला. वर्षाची मान्यतेची फाईल खात्यात गेली आहे, तिला डाग लागता कामा नये, असंही ते म्हणाले. बुधवारी शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी जबाब घ्यायला येणार होते.

त्यांनी धोंडुबाईला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं की मॅडमनी चाखली तेव्हा खिचडी ठीक होती ना. धोंडुबाईने वर्षाकडे पाहिलं आणि ‘व्हय’ म्हणाली.

हे सारं वर्षाने मला मंगळवारी संध्याकाळी सांगितलं, तेही मी मेथी निवडायला तिच्यासमोर बसले तेव्हा. सोमवारी तिने डोकं दुखतं म्हणून वेळ मारून नेली होती. मी विचारलं की धोंडुबाई खोटं का बोलली. वर्षाने तिला तेच विचारलं होतं. धोंडुबाई म्हणाली होती की उपासाच्या बाईवर बालंट आणून मी कुठं फेडू.

खरं लिहायचं तर मी वर्षाला काय सांगितलं तेही लिहायला हवं. मी म्हटलं की धोंडुबाई स्वतःहून गप्प आहे, आण्णा सांभाळून घेताहेत, मग तू कशाला उकरून काढतेस. पंधरा वर्षांनी खुर्ची मिळाली आहे. धोंडुबाईला आपण दुसरीकडे काम बघून देऊ.

वर्षाने तव्यावरची भाकरी उलटली.  मग म्हणाली, “आई, संयोगितानं ताट पुसून खाल्लं. खारट लागलं तरी खाल्लं. मी सांगितलं होतं म्हणून.”

जेवणानंतर मी डायरी लिहिली. बिलं, दूध, औषधाची गोळी आणि मग ‘वर्षाला गप्प बसायला सांगितलं.’ जे झालं ते लिहायचं, म्हणून लिहिलं. ते वाक्य माझ्याच अक्षरात होतं, पण मला ते बघवेना. खोडायची माझी पद्धत नाही. सकाळी उठून तिला सांगायचं ठरवलं की माझं ऐकू नकोस.

बुधवारी पाचला उठून स्वयंपाकघरात गेले तर ती टेबलापाशी लिहीत बसली होती. धैर्यशील शेजारी उभ्यानेच चहा पीत होता. तो मला म्हणाला, “झालं तिचं लिहून. आता मी सांगून उपयोग न्हाय आणि तू सांगूनबी.” इतकी वर्षं कारखान्यात काढून त्याची भाषा बायकोसारखी झाली आहे.

कागद तिने माझ्याकडे दिला, शुद्धलेखन बघायला. त्यात लिहिलं होतं की सात आणि चौदा जुलै या दोन्ही सोमवारी मी उपवासामुळे आहार न चाखता ‘चव चांगली’ असं लिहून सही केली. श्रीमती धोंडुबाई यांनी दोन्ही वेळा ताटली माझ्यासमोर आणली होती. मी चाखलं असतं तर मीठ जास्त झाल्याचं वाढण्याआधीच कळलं असतं. दोष माझा आहे. मी काही दुरुस्त केलं नाही. कागद परत दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जे सांगायला उठले होते ते सांगायची गरज उरली नव्हती.

विस्तार अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला म्हणे. असं लिहून द्यायची तुमच्यावर वेळ आलेली नव्हती, तरी तुम्ही दिलं आहे, तर मला ते घ्यावं लागेल, असं म्हणाले. यापुढे सोमवारी दुसऱ्या शिक्षकाला चाखायला लावा, असंही त्यांनी सुचवलं. धोंडुबाईला आणि मोनाला समज दिली, मिठाचं काम एकीनेच करायचं ठरलं, दोघींचं काम राहिलं. आण्णा मात्र वर्षाशी न बोलता गाडीत बसून निघून गेले. शनिवारी तिला कारणे दाखवा नोटीस आली. मान्यतेची फाईल खात्यातून परत आली. आता पुन्हा पाठवायची, पुन्हा वाट बघायची. मिळेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही.

मधे गुरुवारी संयोगिताचे वडील आले होते. गुंडू त्यांचं नाव, इचलकरंजीला माग चालवतात, रात्रपाळी करून तसेच आले होते. ते भांडले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, “मॅडम, पोरगी म्हणत्या, तुमी सांगिटलं म्हणून खाल्लं. उद्या तुमी इख दिलं तरी खाईल की ती.” वर्षा ‘व्हय’ म्हणाली.  गुंडूंनी मुलीला वर्गात सोडलं आणि ते गेले. शुक्रवारी परिपाठाला वर्षाने मुलांना सांगितलं की जे बरं लागत नाही ते ताटात ठेवायचं आणि मला येऊन सांगायचं, त्यासाठी कुणी रागावणार नाही. टाळ्यांचा नियम तिने बंद केला.

रविवारी दुपारी धोंडुबाई आमच्या घरी आली. वर्षा धैर्यशीलबरोबर बाजारात गेली होती. धोंडुबाई खुर्चीवर बसेना, उंबऱ्यापाशी जमिनीवरच बसली. चहा घेतला आणि मलाच झापायला लागली. सून एवढी शिकलेली, तिला कळत नाही का, साहेबापुढं कुणी आपणहून असं लिहून देतं का. मी सोडलं असतं काम. माझा ल्योक कमावता हाय, मला काय धाड भरली.

मी म्हटलं की तिला राहवलं नसतं.

धोंडुबाई थोडी निवळली. मग म्हणाली, “पर ह्यो सोमवार हाय तरी कशाचा त्यास्नी? घरदार चांगलं, नवरा चांगला.”

मी सांगितलं. ह्यांचं आजारपण, डायलिसिस, सगळं सांगितलं.

“म्हंजे सासऱ्यासाठी धरल्याला? ते तर गेलं की.”

“हो. पाच वर्षं झाली.”

“मग उद्यापन कोण करायचं? धरलेला उपास आपणहून सोडाय येतो व्हय? घरातल्या थोरल्या माणसानं सांगाय लागतंय, झालं बाई, पोचलं म्हणून.” माझ्याकडे बघत तिने कप खाली ठेवला. “थोरलं कोण हाय घरात? तुमीच की.”

 उद्यापन मला माहीत नव्हतं असं नाही. पाच वर्षांत दोनशेहून जास्त सोमवार झाले आणि त्यातल्या कुठल्याही सोमवारी मी वर्षाला म्हणू शकले असते की पुरे झालं. मी म्हटलं नाही. तिचा उपास चालू होता तोवर ह्यांच्यासाठी घरात कुणीतरी अजून काही मागत आहे, असं मला वाटत असे. मी स्वतः उपास करत नाही. माझ्या वाटचं तीच करत होती आणि मी करू देत होते.

संध्याकाळी वर्षा भाजी लावून ठेवत होती तेव्हा मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, “वर्षा, ह्यांचे सोमवार झाले. पोचले. आता सोड.”

ती कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “मी सोडणारच होतो आई, चार वर्षांमागंच. पर तुमाला वाटलं असतं, मी बाबांस्नी इसरलो.”

मी तिला म्हटलं की मला तसं वाटलं नसतं. पण ते खरं आहे का याची मला खात्री नव्हती, म्हणून तेही सांगितलं. ती हसली आणि डोळे पुसले. मीही पुसले. उद्यापनाला काय काय लागतं, नारळ, जोडपं जेवायला, ते तिने विचारलं. ते सावकाश करू, मी म्हटलं, आधी उद्या शाळेत खिचडी खा.

अधिकाऱ्यांनी सुचवल्याप्रमाणे सोमवारी दुसऱ्या शिक्षकाने चाखलं असतं तरी चाललं असतं. वर्षाने तसं केलं नाही. दुपारी एक वाजता ती स्वतः स्वयंपाकघरात गेली. तोंड भिंतीकडे केलं नाही. धोंडुबाईने दिलेला घास नीट चावून खाल्ला आणि रजिस्टरमध्ये ‘मीठ थोडे कमी’ असं लिहिलं. धोंडुबाई भडकली. गेल्या सोमवारची दहशत बसून तिने मीठ चिमटीने मोजून घातलं होतं आणि अकरा वर्षांत तिच्या खिचडीला कमी-जास्त म्हणणारी ही पहिलीच बाई. दोघींची चांगली खडाजंगी झाली. शेवटी मिठाचं पाणी करून पातेल्यात घातलं, वर्षाने पुन्हा चाखलं आणि मग घंटा झाली. संयोगिताने निम्मी खिचडी ताटात ठेवली आणि येऊन सांगितलं की पोट भरलं.

आण्णा अजून बोलत नाहीत. फाईल पुन्हा पाठवायला त्यांची सही लागते, ती मिळालेली नाही. वर्षा त्यांना फोन करते आणि ते दर वेळी, मीटिंगमध्ये आहे, म्हणतात. त्या नऊ किल्ल्यांपैकी दोन किल्ल्यांची कुलुपं सापडली. हे सगळं तिने त्या संध्याकाळी चहा पिताना सांगितलं, एका वेळी एक, मधे बिस्किट खात.

माझ्या डायरीत त्या दिवशीची शेवटची ओळ अशी आहे: ‘सोमवार, २१ जुलै. वर्षाला भूक बेताचीच. सोमवारच्या सवयीने मी भात जास्त लावला. दोन वाट्या उरला, झाकून ठेवला.’